पुण्यात ताज्या फुलांचा बुके घरपोच पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती पुणे आणि पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. मुंबई, ठाणे, नाशिकच्या वाचकांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बुके किती दिवस टिकेल हे त्याच्या किमतीपेक्षा, दांडा पाण्याबाहेर किती वेळ राहिला यावर जास्त अवलंबून असतं.

ऑर्डर देण्यापूर्वी

फुलं येतात कुठून? ‘ताजी’ म्हणजे नेमकी किती ताजी?

गुलाब, जरबेरा आणि कार्नेशन ही पॉलिहाऊसमधली फुलं. पुण्याला ती मुख्यतः मावळातून, तळेगाव दाभाडे परिसरातून येतात. गुलाब नाशिक जिल्ह्यातूनही येतो. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, निशिगंध यांची आवक गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात भल्या पहाटे होते. मुंबईकरांसाठी हेच काम दादरचा फुलबाजार करतो. डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड मोठ्या प्रमाणावर थायलंडहून येतं.

शेतात गुलाब कापला की तो बादलीतल्या पाण्यात ठेवतात, थंड खोलीत नेतात, मग लांबीप्रमाणे निवडून वीस-वीसच्या गड्ड्या बांधतात आणि कळ्यांवर जाळी किंवा पुठ्ठा चढवून रात्रीच्या गाडीला देतात. म्हणजे सकाळी दुकानात दिसणारा गुलाब आदल्या दिवशी तरी कापलेला असतोच. काल-परवा कापलेलं आणि मधला सगळा वेळ पाण्यात किंवा थंडाव्यात राहिलेलं फूल ताजंच म्हणायचं. ‘आज सकाळी तोडलेला गुलाब’ असं कोणी सांगितलं तर फार विश्वास ठेवू नका. तशी गरजही नसते.

दुकानात उभं राहून ताजेपणा कसा ओळखायचा?

गुलाबाची कळी देठाच्या वर, जिथे पाकळ्या हिरव्या निदलांतून बाहेर येतात तिथे, दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. टणक लागली तर फूल ताजं, मऊ पडली असेल तर जुनं. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, खरबरीत किंवा कडेला काळपट असतील तर घाबरू नका. त्या कळीचं रक्षण करणाऱ्या पाकळ्या असतात, बुके बांधताना काढून टाकतात. उलट फूल अगदी गुळगुळीत दिसतंय पण फारच बारीक आहे, तर जुन्या फुलाच्या बाहेरच्या बऱ्याच पाकळ्या सोलून ते ‘ताजं’ केलं असण्याची शक्यता असते.

जरबेऱ्याचा मधला गोल पाहावा. कडेच्या दोन-तीन ओळींतली बारीक फुलं उमललेली असतील तर फूल योग्य वेळी काढलंय. गोल पूर्ण बंद असेल तर घाईने काढलंय, आणि असं फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं. सगळा गोल परागाने भरून फुलला असेल तर फूल उतरणीला लागलंय. लिलीच्या काडीवर एखादीच कळी उमललेली आणि बाकीच्या रंग धरलेल्या असाव्यात; अगदी हिरव्या कळ्या घरी उमलतीलच असं नाही. आणि कुठलंही फूल असो, पाण्यात बुडालेला दांडा चोळून पाहा. बुळबुळीत लागला तर बादलीतलं पाणी बदललेलं नाही.

ऑर्डर किती आधी द्यावी?

साध्या दिवशी, साध्या फुलांचा बुके दुपारी बारा-एकपर्यंत सांगितला तर त्याच दिवशी संध्याकाळी पोचतो. लिली, ऑर्किड, अँथुरियम किंवा एखादा ठरावीक रंग हवा असेल तर एक दिवस आधी सांगा, कारण ती फुलं दुकानदार मोजकीच ठेवतो आणि मागणीप्रमाणे दुसऱ्या पहाटे बाजारातून उचलतो. ‘फक्त पीच रंगाचे पन्नास गुलाब’ अशी मागणी असेल तर दोन दिवस द्या.

१४ फेब्रुवारी, ८ मार्च, मेमधला दुसरा रविवार, गुरुपौर्णिमा आणि ५ सप्टेंबर या दिवसांसाठी चार-पाच दिवस आधी पैसे भरून वेळ पक्की करावी. व्हॅलेंटाइनच्या सुमारास मावळातला चांगल्या प्रतीचा बराच गुलाब परदेशी जातो, उरलेल्यावर सगळ्या शहराची उडी पडते, आणि मागणी गाठण्यासाठी काही माल आधी काढून शीतगृहात साठवलेला असतो. तो बाहेर आला की भराभर उमलतो. त्या दिवशी गुलाबच हवा असा हट्ट नसेल तर कार्नेशन किंवा लिली पाठवा. त्याच पैशांत दुप्पट दिवस टिकेल.

कोणत्या ऋतूत काय निवडावं?

थंडीत काहीही निवडा. कळ्या मोठ्या असतात, रंग गडद येतो, फूल सावकाश उमलतं. एप्रिल-मेमध्ये गुलाबाची कळी लहान येते आणि फॅनखाली दोन-तीन दिवसांत उमलून पडते, म्हणून उन्हाळ्यात ऑर्किड, अँथुरियम, शेवंतीच्या काड्या यांना प्राधान्य द्या. पावसाळ्यात ओल्या हवेमुळे गुलाबाच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात आणि आतून बुरशी धरते. पॅकिंगचा कागद घट्ट गुंडाळलेला असेल तर ती एका रात्रीत पसरते. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरा किंवा फिकट गुलाब टाळलेला बरा, त्यावर डाग लगेच दिसतात. आणि मोठ्या लग्नतिथीला सगळ्याच फुलांचा भाव चढतो, तेव्हा दिवस एकाने मागेपुढे करता आला तर करा.

‘२० गुलाबांचा बुके’ एका दुकानात स्वस्त आणि दुसरीकडे दुप्पट किमतीला का?

कारण वीस हा आकडा सारखा असला तरी बाकी काहीच सारखं नसतं. चार प्रश्न विचारा. दांड्याची लांबी किती? ४० सेंटिमीटरच्या आणि ६० सेंटिमीटरच्या गुलाबाच्या दरात आणि कळीच्या आकारात मोठा फरक असतो. फुलं मोजून किती, आणि भरणीचा पाला व जिप्सी (बारीक पांढरी फुलं) किती? गोल्डन रॉड आणि कामिनीच्या पाल्याने बुके डोळ्यांना भरगच्च दिसतो, पण पैसे फुलांचे मोजायचे आहेत. कागद आणि रिबनीचे पैसे किती धरलेत? आणि पोचवण्याचा खर्च किमतीत आहे की वेगळा? या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या.

मोठ्या संकेतस्थळावरून ऑर्डर दिली तर ती बहुतेक वेळा त्या भागातल्या एखाद्या फुलवाल्याकडेच जाते आणि मधला हिस्सा संकेतस्थळाकडे राहतो. ज्या पेठेत किंवा उपनगरात बुके पोचवायचा आहे तिथल्या दुकानाला थेट फोन केला तर त्याच रकमेत जास्त फुलं बसतात, आणि बुके कमी अंतर जातो. संकेतस्थळाचा फायदा परगावी ओळखीचं दुकान नसेल तेव्हाच.

फोटोत दिसतोय तसाच बुके मिळेल का?

रंगसंगती, आकार आणि मुख्य फूल तेच मिळायला हवं. पाला, भरणीची फुलं आणि कागद बदलू शकतो. ज्या दिवशी स्टॅटिस हे भरणीचं फूल बाजारात आलंच नाही त्या दिवशी ते कुणीच देऊ शकत नाही. ऑर्डर देतानाच सांगून ठेवा की कोणता बदल चालेल. ‘लाल नसेल तर गुलाबी चालेल, पिवळा नको’ एवढं एक वाक्य पुरतं. आमचा आग्रहाचा सल्ला असा की रंग आणि रक्कम तुम्ही ठरवा, फुलं दुकानदाराला निवडू द्या. त्या दिवशी बादलीत सर्वांत उत्तम काय आहे हे त्यालाच माहीत असतं. बुके बाहेर पडण्यापूर्वी त्याचा फोटो मागवा.

निळे किंवा इंद्रधनुषी गुलाब खरे असतात का?

फूल खरं, रंग दिलेला. पांढऱ्या गुलाबाचा दांडा रंगीत पाण्यात ठेवून किंवा फूल रंगात बुडवून ते करतात. हा रंग ओलाव्याने उतरतो, फुलदाणीचं पाणी रंगीत होतं आणि भिंतीला किंवा कपड्याला डाग पडतो. चमकी मारलेलं फूल तर लवकरच मलूल होतं. लहान मुलांच्या हातात असे बुके देऊ नयेत.

प्रसंगाप्रमाणे निवड

रुग्णालयात बुके पाठवावा का?

आधी वॉर्डात फोन करून विचारा. अतिदक्षता विभागात फुलं सहसा आत घेत नाहीत, आणि अनेक रुग्णालयं जनरल वॉर्डातही परवानगी देत नाहीत. परवानगी असली तर छोटा, वास नसलेला बुके: जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड. निशिगंध आणि ओरिएंटल लिली यांचा दरवळ बंद खोलीत त्रासदायक होतो, बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच. मातीची कुंडीही नको. सर्वांत सोयीचं म्हणजे घरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी पाठवणं.

कोणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर?

कागदात बांधलेला, रिबन लावलेला बुके पाठवू नका. अंत्यदर्शनाला पुष्पचक्र किंवा हार, आणि नंतरच्या दिवसांत फोटोसाठी निशिगंधाचा किंवा पांढऱ्या शेवंतीचा हार, किंवा परडीत सुटी पांढरी फुलं पाठवावीत. हार मागवताना फोटोची रुंदी विचारून घ्या. चकाकी, जरीची फीत आणि लाल गोंडा वगळायला दुकानदाराला स्पष्ट सांगा, कारण हाराला तो सवयीने लावला जातो. कार्डावर फक्त नाव लिहावं. आणि दाराची बेल वाजवून सही मागणारा पोरगा त्या घरी जाऊ नये, म्हणून शेजाऱ्यांचा किंवा नातेवाइकाचा नंबर द्या.

डोहाळजेवणासाठी फुलांची वाडी घरपोच मिळते का?

मिळते, पण हे बुक्यापेक्षा नाजूक काम आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वाडी म्हणजे फुलांचे दागिने: मुकुट किंवा बिंदी, कानातलं, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, आणि हौस असेल तर धनुष्यबाणही. ताज्या फुलांची वाडी मोगरा, निशिगंधाच्या कळ्या, शेवंती आणि छोट्या गुलाबांची करतात. मोगरा उन्हाळ्यात मुबलक. इतर महिन्यांत निशिगंधाच्या कळ्या वापरायला सांगा. निशिगंधाच्या एकेरी जातीला वास जास्त, आणि ओवण्यासाठी हीच सुटी कळी वापरतात. दुहेरी जातीच्या काड्या फुलदाणीसाठी.

ऑर्डर दोन दिवस आधी द्या आणि सोबत मापं द्या: डोक्याचा घेर, दंडाचा घेर, आणि सातव्या-आठव्या महिन्यातला पोटाचा घेर. कंबरपट्टा नेहमी पाठीमागे नाडीने बांधायचा करून घ्या, हूक नको. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर वाडी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान पोचायला हवी. सकाळी आली तर मोगरा दुपारीच उमलून पिवळा पडतो. आली की डबा उघडून बघा, पण दागिने बाहेर काढून ठेवू नका. सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, ते डब्यात खाली-वर पसरा आणि डबा फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवा. पाणी थेट शिंपडू नये. ओल्या कळ्यांवर तपकिरी डाग पडतात. घालण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. होणाऱ्या आईला वासाने मळमळत असेल तर आधी विचारून घ्या आणि मोगऱ्याऐवजी शेवंती-ऑर्किडची वाडी करा.

सत्यनारायण किंवा वास्तुशांतीला बुके चालतो का?

यजमानांना भेट म्हणून चालतो. पूजेसाठी म्हणून पाठवायचा असेल तर सुटी फुलं, हार, तुळस, दूर्वा अशी परडी पाठवा. बुक्यातली फुलं तारेने, टेपने बांधलेली असतात, ऐनवेळी सोडवत बसावं लागतं.

फुलं ११ की १२?

शुभप्रसंगी आपल्याकडे ११, २१, ५१ अशी संख्या धरतात. दुकानदार गड्डीच्या हिशोबाने २० सांगतो. एक जास्तीचं फूल मागितलं की देतो.

पत्ता, वेळ आणि पोचवणी

पत्त्यात नेमकं काय द्यावं?

सोसायटीचं पूर्ण नाव, विंग, फ्लॅट नंबर, मजला, रस्ता, जवळची खूण आणि नकाशावरचा पिन. पुण्यात एकाच बिल्डरच्या एकाच नावाच्या सोसायट्या बाणेरलाही असतात आणि वाघोलीलाही, त्यामुळे पिनकोड टाळू नका. पेठांमध्ये घर क्रमांकापेक्षा खूण जास्त कामाची: अमुक मंदिरासमोरचा बोळ, तमुक दवाखान्याच्या वर. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि दुसरा एक पर्यायी नंबर द्या. उशिरा पोचलेल्या बुक्यांचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गेटवर उचलला न गेलेला फोन.

ऑफिसला पाठवत असाल तर ११ ते ४ ही वेळ ठेवा आणि विभागाचं नाव लिहा. हिंजवडीच्या मोठ्या संकुलांत बुके बहुतेकदा गेटवरच थांबतो, घेणाऱ्याला खाली यावं लागतं.

सरप्राइज आहे, त्यांना फोन नको. मग?

घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या आणि त्यांना आधी सांगून ठेवा. कोणालाच न सांगता पाठवायचं असेल तर सकाळी ८ ते १० अशी, माणसं घरी असण्याची खात्रीची वेळ निवडा. गेटवरचं अ‍ॅप घेणाऱ्याला सूचना पाठवतंच. ‘कुरिअर’ एवढंच सांगायला दुकानदाराला सुचवा.

रात्री बाराला पोचवणं कितपत चांगलं?

आम्ही ते सुचवत नाही. बाराचा बुके रात्री आठ-नऊला बांधून ठेवलेला असतो, दुकान बंद झाल्यावर तो पाण्याविना पडून राहतो, आणि अनेक सोसायट्या रात्री डिलिव्हरीला आत सोडत नाहीत. सकाळी साडेसात-आठला पोचलेला बुके त्याच पहाटे आलेल्या फुलांचा असू शकतो. वाढदिवसाची सकाळ जास्त छान जाते.

स्कूटरवर बुके खराब होत नाही का?

नीट बांधला असेल तर नाही. दांड्यांच्या टोकांना ओला कापूस, त्यावर प्लास्टिकची पिशवी किंवा फॉइल, आणि वारा लागू नये म्हणून वरून सैल कागद. फुलांवरचा कागद घट्ट असेल तर उन्हात आत वाफ धरते आणि पाकळ्या शिजल्यासारख्या होतात. मे महिन्यात ११ ते ४ टाळा. दहा-बारा किलोमीटरपेक्षा लांब पाठवायचं असेल तर हातगुच्छाऐवजी खोक्यातली किंवा फोममधली (पाणी धरणाऱ्या स्पंजासारख्या ठोकळ्यात खोचलेली) मांडणी घ्या. बंद गाडीत, काचा लावून, उन्हात अर्धा तास ठेवलेला बुके मात्र वाचत नाही.

परदेशातून आई-बाबांना पाठवायचा आहे. काय जपावं?

तीन गोष्टी. पहिली वेळ: न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं आणि थंडीत साडेदहा तास. तिथे तुम्ही सकाळी नऊला ऑर्डर देता तेव्हा पुण्यात संध्याकाळ झालेली असते, म्हणजे ती ऑर्डर दुसऱ्या दिवसाचीच. लंडनहून फरक साडेचार किंवा साडेपाच तासांचा. दुसरी, तारीख: अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०५/०६ म्हणजे तिकडे ६ मे आणि इकडे ५ जून. महिना अक्षरात लिहा. तिसरी, फोन: दुकानदार परदेशी नंबरावर फोन करत नाही, म्हणून पुण्यातल्या भावंडाचा किंवा मित्राचा नंबर जोडा आणि तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला सांगा.

कार्डावर काय लिहावं?

मजकूर देवनागरीत टाइप करून पाठवा. रोमन लिपीतलं मराठी दुकानातला मुलगा वाचेल तसं उतरवतो आणि ‘आई’चं भलतंच होतं. ‘ती. बाबांस’, ‘सौ. ताईस’ असं घरात लिहिता तसंच लिहा. वीसेक शब्द पुरेत. खाली स्वतःचं नाव आठवणीने. नाव नसलेले बुके बरेच पोचतात आणि घरचे दिवसभर अंदाज बांधत बसतात. बिल सोबत पाठवू नये, हेही बजावून सांगा.

बुके हातात आल्यावर

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

कागद, फॉइल आणि ओला कापूस काढा. बुके गोल फिरवत, दांडे एकावर एक तिरके ठेवून बांधलेला असेल तर मधली सुतळी कापू नका, तसाच फुलदाणीत उभा राहील. पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढा. ती कुजतात आणि पाणी नासतं. दांड्याचं टोक २ ते ३ सेंटिमीटर, तिरकं, धारदार सुरीने किंवा कटरने कापा. बोथट कात्री दांडा चेचते आणि नळ्या बंद होतात. गुलाब असेल तर टोक बादलीतल्या पाण्याखाली धरून कापा, म्हणजे दांड्यात हवा शिरत नाही. फुलदाणी साबणाने घासलेली हवी.

गुलाब, कार्नेशन, लिलीला फुलदाणी निम्मी भरून पाणी द्या. जरबेऱ्याला मात्र पाच-सहा सेंटिमीटरच. त्याचा दांडा मऊ आणि लवदार असतो, खोल पाण्यात तो कुजतो. एक दिवसाआड पाणी पूर्ण बदला आणि दर वेळी टोक थोडं कापा. नुसती वरून भर घालणं उपयोगाचं नाही.

पाण्यात साखर, अ‍ॅस्पिरिन, नाणं वगैरे घालावं का?

नुसती साखर घालू नका. फुलाला ती लागते खरी, पण जिवाणूंनाही लागते, आणि त्यांनी दांड्याच्या नळ्या बुजवल्या की फूल पाण्यात उभं राहून तहानेने वाळतं. दुकानातल्या पुडीत साखरेसोबत आम्ल आणि जंतुनाशकही असतं, म्हणून ती चालते. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. पुडी नसेल तर रोज बदललेलं साधं स्वच्छ पाणी पुरेसं. अ‍ॅस्पिरिन आणि नाण्याच्या भरवशावर राहू नका.

गुलाबाने मान टाकली. वाचेल का?

पहिल्या दिवसात असेल तर बहुधा हो. मानेपर्यंत पाणी चढायचं थांबलेलं असतं, बहुतेक वेळा दांड्यात हवा अडकल्याने. टोक पाण्याखाली ३ सेंटिमीटर कापा, फुलं वर्तमानपत्रात सरळ आणि घट्ट गुंडाळा, आणि कोमट पाण्याच्या खोल बादलीत मानेपर्यंत दीड-दोन तास उभी ठेवा. तरी मान वाकडी राहिली तर दांडा तोकडा करून वाटीत फुलं तरंगत ठेवा.

फोममध्ये खोचलेल्या टोपलीला पाणी कसं द्यायचं?

मागच्या कोपऱ्यात फोम उघडा दिसतो, तिथे रोज अर्धा पेला पाणी सावकाश ओता. फोम एकदा पूर्ण सुकला की पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणून पहिला दिवस चुकवू नका. काडी उपटून त्याच भोकात परत खोचू नये. तळाशी पोकळी राहते. आणि टोपली टीव्हीवर किंवा लाकडी कपाटावर ठेवताना खाली ताटली घाला.

कार्नेशन एका रात्रीत मिटलं, पाकळ्या आत वळल्या. का?

घरात आंबे पिकायला घातलेत का ते बघा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन त्याला फारच हळवं असतं. मे महिन्यात ज्या खोलीत आंब्याची अढी असते तिथे कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल झोपी गेल्यासारखं मिटतं आणि पुन्हा उमलत नाही. ऑर्किडच्या कळ्याही अशाच गळतात. केळी आणि उदबत्तीचा धूर हेही कारण असू शकतं, म्हणून फुलदाणी फळांच्या टोपलीपासून आणि देवघरापासून दूर ठेवा. छताच्या पंख्याखालीही नको. दांडा जेवढं पाणी ओढू शकतो त्यापेक्षा जास्त पाणी पंखा पाकळ्यांतून उडवतो.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर?

फ्रिजमध्ये फळं नसतील तर गुलाब आणि कार्नेशन खालच्या कप्प्यात, पाण्यासह, ठेवता येतात. ऑर्किड आणि अँथुरियम ठेवू नका; उष्ण प्रदेशातली ती फुलं थंडीने काळवंडतात.

लिलीचे डाग आणि मांजर

कळी उमलायला लागली की आतले परागकोश पिठूळ व्हायच्या आत कागदाने चिमटीत धरून काढा. कपड्यावर पराग पडलाच तर पाणी लावू नका, चोळूही नका. चिकटपट्टीने उचला आणि कापड उन्हात ठेवा. घरात मांजर असेल तर लिली घरात आणूच नका. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर असलेल्या घरी पाठवताना दुकानदाराला हे आवर्जून सांगा.

कोणतं फूल साधारण किती दिवस टिकतं?

नीट काळजी घेतली तर गुलाब ५ ते ७ दिवस, उन्हाळ्यात ३ ते ४. जरबेरा आणि निशिगंध आठवडाभर, लिली ७ ते १० दिवस. कार्नेशन, शेवंती आणि ऑर्किड १० ते १४ दिवस. मिश्र बुक्यात गुलाब आधी जातो. तो काढून टाकून उरलेल्यांना पाणी बदलून द्या.

तक्रार, आणि नंतरचं

बुके कोमेजलेला आला. पैसे परत मागता येतात का?

येतात, पण लगेच. हातात आल्यापासून तासाभरात तीन फोटो काढा: पूर्ण बुके, दांड्यांची टोकं, आणि कार्ड किंवा चिठ्ठी. दांड्यांची टोकं तपकिरी-बुळबुळीत आणि कापूस कोरडा असेल तर चूक पाठवणाऱ्या दुकानाची. दुसऱ्या दिवशीचा फोटो कोणी मानत नाही, कारण मधे पाणी दिलं की नाही हे सिद्ध होत नाही. बहुतेक दुकानदार नवा बुके पाठवायला तयार असतात. प्रसंग होऊन गेला असेल तर पैसेच मागा. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात ती सोडवावी लागते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

बुक्यातल्या गुलाबांचा गुलकंद केला किंवा ती फुलं केकवर लावली तर?

करू नका. ही फुलं शोभेसाठी वाढवलेली असतात, त्यांवर कीडनाशकं आणि बुरशीनाशकं फवारलेली असतात, आणि धुऊन ती पूर्ण जात नाहीत. गुलकंदाला फवारणी न केलेला देशी गुलाब लागतो. केकसोबत बुके पाठवत असाल तर दोन्ही वेगवेगळ्या खोक्यांत द्यायला सांगा.

गुलाबाच्या काड्या कुंडीत लावल्या तर झाड येईल का?

क्वचित. पॉलिहाऊसमधली झाडं बहुधा दुसऱ्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, केलेली असतात, आणि शीतगृहातून आलेल्या काडीला मूळ फुटायची ताकद फारशी उरत नाही.

सुकलेला बुके टाकायचा कसा?

तार, टेप, रिबन आणि कागद वेगळे करा. फुलं-पानं बारीक कापून खताच्या कुंडीत जातात, जाड दांडे ओल्या कचऱ्यात. फोम कुजत नाही, हाताने कुस्करला की त्याचा भुगा पाण्यात आणि मातीत मिसळतो, म्हणून तो अख्खाच कोरड्या कचऱ्यात द्या. सजावटीचा थर्माकोल आणि फुग्याची प्लास्टिकची काडी यांवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. बुक्यासोबत फुगे मागवलेत तर काडी कागदाची असेल असं सांगून ठेवा.